आईचा रक्तगट वेगळा, बाळाचा वेगळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत रक्तगट कळतो, फाइलवर लाल शाईने 'आरएच निगेटिव्ह' लिहिलं जातं आणि घरात काळजी सुरू होते. काही घरांत उलट होतं. कुणीच काही बोलत नाही आणि बाळ जन्मल्या दिवशीच पिवळं पडलं की धावपळ उडते. खालचे प्रश्न या दोन्ही घरांसाठी आहेत. तुमच्या डॉक्टरांनी तुमची फाइल पाहून दिलेला सल्ला मात्र नेहमी याच्या वरचा.

मुलामुलीचा रक्तगट एकच आहे. लग्न जमवावं का?

खुशाल जमवावं. दोघंही ओ पॉझिटिव्ह, दोघंही बी पॉझिटिव्ह, काहीही बिघडत नाही. या एका गैरसमजापायी चांगली स्थळं मोडतात, याचं फार वाईट वाटतं. पत्रिकेत एकनाड आली म्हणजे रक्तगटाचा दोष येतो, मुलं होत नाहीत, असंही ठासून सांगितलं जातं. नाडी जन्मनक्षत्रावरून काढतात. नक्षत्राचा आणि तांबड्या पेशींचा काही संबंध नाही. शिवाय एकच रक्तगट असणं ही तर बाळाच्या दृष्टीने सोयीची गोष्ट: आईबाप दोघंही ओ असतील तर मूलही ओच होतं, आणि आई-बाळाच्या एबीओ गटांत (ए, बी, एबी, ओ) तफावत उरतच नाही.

लक्ष ठेवायचं ते एका जोडीवर: बायको आरएच निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह. हेसुद्धा लग्न नाकारण्याचं कारण नाही, कारण त्यावर खात्रीचा उपाय आहे. लग्नाआधी रक्त तपासायचंच असेल तर दोघांची थॅलेसेमियाची तपासणी करा, आणि विदर्भ किंवा नंदुरबारसारख्या भागात सिकलसेलचीही.

नवरा निगेटिव्ह आणि बायको पॉझिटिव्ह असेल तर?

आरएचची अडचण येत नाही.

मग अडचण नेमकी होते कशी?

तांबड्या पेशीच्या आवरणावर 'डी' नावाचं एक प्रथिन असतं. ते असलं की पॉझिटिव्ह, नसलं की निगेटिव्ह. आपल्या देशात शंभरात साधारण पाच जण निगेटिव्ह असतात, युरोपीय वंशाच्या लोकांत पंधराच्या आसपास.

आई निगेटिव्ह आणि बाळ वडिलांवर जाऊन पॉझिटिव्ह असेल, तर बाळाच्या पेशी आईच्या शरीराला परक्या वाटतात. एरवी दोघांचं रक्त वेगळंच राहतं, मध्ये वार असते. पण बाळंतपणात वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी, म्हणजे परक्या पेशींना निकालात काढणारी प्रथिनं, तयार करतं आणि ही ओळख आयुष्यभर लक्षात ठेवतं. पुढच्या खेपेला बाळ पुन्हा पॉझिटिव्ह असलं तर या अँटीबॉडी वार ओलांडून पोटातल्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडू लागतात. बाळाचं रक्त कमी होतं. फारच कमी झालं तर अंगभर पाणी भरतं, हृदय थकतं. जन्मल्यावर फुटलेल्या पेशींतून तयार झालेलं बिलिरुबिन साठून कावीळ चढते.

यात आईचं रक्त 'खराब' नसतं आणि बाळाचंही नसतं. घरातल्या कुणी सुनेला असं ऐकवत असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

पहिल्या बाळाला काही होत नाही म्हणतात. खरं आहे का?

बहुधा खरं, कारण अँटीबॉडी तयार होईपर्यंत पहिलं बाळ जन्मून मोकळं झालेलं असतं. पण 'पहिलं' कशाला म्हणायचं, तिथेच गल्लत होते.

हातात आलेलं मूल पहिलं, असं घरचे मोजतात. शरीर तसं मोजत नाही. दोन वर्षांपूर्वी चौथ्या महिन्यात पडलेला गर्भ, नळीत राहिलेला गर्भ, पिशवी साफ केलेली, गोळ्या घेऊन पाडलेला गर्भ, हे सगळं शरीराच्या हिशेबात धरलं जातं. यातलं बरंच काही सासरी सांगितलेलं नसतं. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना डॉक्टरांनी विचारलं, 'याआधी कधी दिवस राहिले होते का?' तर उत्तर 'नाही' येतं. ही माहिती तुमची आहे. डॉक्टरांशी एकटीने बोलायचा तुम्हाला हक्क आहे, आणि निगेटिव्ह गटाच्या बाईने तो वापरलाच पाहिजे. पूर्वी कधी चुकून पॉझिटिव्ह रक्त चढवलं गेलं असेल तर तेही सांगा.

गर्भपाताच्या गोळ्या कुणाकरवी मेडिकलमधून आणून घरीच घेतल्या जातात, तेव्हा रक्तगट कुणी विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितलं की बारा आठवड्यांच्या आतल्या गर्भपातानंतर अँटी-डी इंजेक्शनची, म्हणजे आईच्या अंगात अँटीबॉडी तयार होऊ न देणाऱ्या इंजेक्शनची, गरज नाही. आपल्याकडे बरेच डॉक्टर तेव्हाही लहान डोस देतात. पण घरी घेतलेल्या गोळ्यांत आठवडे किती झाले होते हेच नक्की नसतं, म्हणून सोनोग्राफी करून डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. बारा आठवड्यांनंतर मात्र इंजेक्शन हवंच.

अँटी-डी इंजेक्शन कधी घ्यायचं?

गरोदरपणात साधारण २८व्या आठवड्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. नेहमीचा डोस ३०० मायक्रोग्रॅमचा. मध्येच रक्तस्राव झाला, पोटावर जोराचा मार बसला, गाडीवरून पडलात, पोटातलं पाणी तपासलं, आडवं बाळ बाहेरून फिरवलं, तर तेव्हाही लागतं. सिझेरियन झालं म्हणून गरज टळत नाही. बाळ पोटातच गेलं असेल तरी घ्यायचं असतं, आणि त्या दुःखात ते हमखास राहून जातं. अशा वेळी सोबतच्या जाऊबाईंनी, बहिणीने, नवऱ्याने आठवण ठेवून विचारावं.

७२ तास उलटून गेले तर 'आता काय उपयोग' म्हणून सोडून देऊ नका. दहा दिवसांपर्यंत दिलं तरी काही प्रमाणात संरक्षण मिळतं.

इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं, गोठवायचं नसतं. बाहेरच्या मेडिकलमधून आणायला सांगितलं तर बर्फाच्या पिशवीतून आणा आणि लगेच नर्सच्या हातात द्या. शर्टाच्या खिशात घालून दुपारच्या उन्हात तासभर फिरवू नका. खासगी दवाखान्यात ते काही हजारांना पडतं. सरकारी रुग्णालयात बाळंतपण होणार असेल तर २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, तपासण्या आणि रक्त मोफत आहे. इंजेक्शनचा साठा आहे का, हे सातव्या महिन्यातच आशाताईंकडे किंवा तिथल्या सिस्टरांकडे विचारून ठेवा.

त्याने खरंच फरक पडतो का?

इंजेक्शन नसताना पॉझिटिव्ह बाळ झालेल्या शंभर निगेटिव्ह आयांपैकी साधारण सोळा जणींच्या अंगात अँटीबॉडी तयार व्हायच्या. बाळंतपणानंतरच्या डोसने हे प्रमाण शंभरात एक-दोनवर आलं, आणि २८व्या आठवड्याचा डोस जोडल्यावर हजारात दोन-तीनच्या आसपास. इतका स्वच्छ परिणाम फार थोड्या औषधांचा दिसतो.

हे इंजेक्शन बनतं कशापासून?

ज्यांच्या रक्तात या अँटीबॉडी आधीच आहेत, अशा दात्यांच्या प्लाझ्मापासून. आईला त्या बाहेरून दिल्या की तिच्यात शिरलेल्या बाळाच्या पेशी लगेच निकालात निघतात आणि तिच्या शरीराला स्वतःच्या अँटीबॉडी बनवायची वेळच येत नाही. १९६०च्या दशकात न्यूयॉर्क आणि इंग्लंडमधल्या लिव्हरपूल इथल्या डॉक्टरांनी हे स्वतंत्रपणे सिद्ध केलं आणि १९६८ साली अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. लिव्हरपूलच्या डॉक्टरांना ही कल्पना निसर्गातूनच सुचली. आई ओ निगेटिव्ह आणि बाळ ए किंवा बी पॉझिटिव्ह असलं, की आरएचचा त्रास कमी होतो, हे आधीच दिसलं होतं. आईच्या अंगात ए आणि बी गटांविरुद्धच्या अँटीबॉडी लहानपणापासूनच तयार असतात, त्या बाळाच्या पेशींना आधीच गाठतात.

ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. त्यांनी १९५४ ते २०१८ या काळात ११७३ वेळा रक्त आणि प्लाझ्मा दिला, वयाच्या ८१व्या वर्षापर्यंत. २०२५च्या फेब्रुवारीत ते गेले. त्यांच्या प्लाझ्मातून बनलेली इंजेक्शनं लाखो आयांना मिळाली. आता प्रयोगशाळेत तयार केलेलं अँटी-डीही भारतात मिळतं.

आयसीटी पॉझिटिव्ह आली आहे. आता?

आयसीटी म्हणजे इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, आईच्या रक्तात अँटीबॉडी आहेत का, हे पाहणारी तपासणी. कूम्ब्स यांनी १९४५ साली केंब्रिजला ती शोधली म्हणून रिपोर्टवर त्यांचं नावही दिसेल. ती खरोखर पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डीचा उपयोग संपला. यानंतर लक्ष बाळावर.

अँटीबॉडीचं प्रमाण मोजतात. लॅबप्रमाणे १:१६ किंवा १:३२ च्या पुढे गेलं की बाळाची खास सोनोग्राफी सुरू होते. बाळाच्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीत रक्त किती वेगाने वाहतंय ते डॉप्लरवर पाहतात. रक्त कमी झालं की ते पातळ होऊन जोरात वाहतं. पूर्वी पोटात सुई घालून पाणी काढावं लागायचं, आता बहुतेक वेळा नुसत्या सोनोग्राफीवर भागतं. बाळाचं रक्त फार कमी झालेलं दिसलं तर पोटातच नाळेतून रक्त चढवता येतं. पोटातल्या बाळाला रक्त देण्याचा पहिला यशस्वी प्रयोग न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला विल्यम लायली यांनी १९६३ साली केला, तेव्हा ते बाळाच्या पोटाच्या पोकळीत देत. ही सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्याच ठिकाणी आहे. म्हणून आयसीटी पॉझिटिव्ह आली की तालुक्याच्या ठिकाणी महिना काढू नका, लगेच तिथवर पोचा.

या अँटीबॉडींनी आईला स्वतःला काही होत नाही. मात्र तिला कधी रक्त लागलं तर जुळवाजुळव काळजीने करावी लागते.

बाळंतपण माहेरी आहे. त्यात काय एवढं?

आहे. सात महिने तपासण्या सासरच्या गावी, आणि डोहाळजेवण आटोपून मुलगी माहेरी. फाइल कपाटात राहते, सोबत येतो तो फक्त शेवटचा सोनोग्राफीचा कागद. नवीन डॉक्टरांना २८व्या आठवड्यातलं इंजेक्शन माहीत नसतं. त्या इंजेक्शनमुळे नंतरची आयसीटी थोडीशी पॉझिटिव्ह दिसू शकते. मग 'अँटीबॉडी झाल्या आहेत' असा समज होतो आणि बाळंतपणानंतरचा डोस दिलाच जात नाही. म्हणून माता-बाल संरक्षण कार्डावर इंजेक्शनची तारीख, डोस आणि आधीचा आयसीटी रिपोर्ट लिहून घ्या, आणि त्या पानाचा फोटो नवऱ्याच्या व आईच्या मोबाइलवर ठेवा. घाईत दुसऱ्याच दवाखान्यात जावं लागलं तर हाच फोटो कामी येतो.

रक्तगट दोनदा वेगवेगळा आला असेल तर तिसऱ्यांदा रक्तपेढीत तपासून घ्या. काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब, त्यात एक निळा, एक पिवळा आणि एक बिनरंगी द्राव. ज्यात दाणे धरतात तो गट. बिनरंगी थेंब डी साठीचा असतो. त्यात दाणे अगदी बारीक आणि उशिरा आले की वाचणाऱ्याची चूक होऊ शकते.

आई ओ पॉझिटिव्ह, बाळ बी पॉझिटिव्ह. यातही कावीळ होते?

होते, आणि आपल्याकडे आरएचपेक्षा ही जोडीच जास्त दिसते. ओ गटाच्या आईच्या अँटीबॉडीतला काही भाग वार ओलांडतो, म्हणून पहिल्या बाळालाही त्रास होऊ शकतो. समाधानाची बाब अशी की तो बहुधा सौम्य असतो. अशा बहुतेक बाळांना काहीच होत नाही, काहींना लाइटखाली ठेवावं लागतं, रक्त बदलण्याची वेळ क्वचित येते. पोटात असताना बाळ सहसा सुखरूप असतं. याच्यासाठी इंजेक्शन नाही आणि गरोदरपणात वेगळी तपासणीही लागत नाही. आई ओ गटाची आहे हे बाळाच्या डॉक्टरांना माहीत असणं आणि पहिले चार-पाच दिवस बाळावर नजर असणं, एवढं पुरतं. अशा बाळाला चोवीस तासांत घरी नेण्याचा हट्ट धरू नये.

कावीळ नेहमीची की काळजीची, हे कसं ओळखायचं?

बऱ्याच बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ होते, चौथ्या-पाचव्या दिवशी सर्वांत जास्त दिसते आणि आठ-पंधरा दिवसांत उतरते. पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ मात्र कधीच नेहमीची समजू नका. रक्तगटांच्या तफावतीची कावीळ बहुतेकदा तेव्हाच सुरू होते.

बाळाला खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात न्या. पिवळ्या बल्बखाली काहीच कळत नाही. कपाळावर, मग छातीवर, मग पोटावर, मग तळपायावर बोटाने हलकं दाबा आणि बोट काढताच खालचा रंग बघा. सावळ्या बाळाला दाबल्याशिवाय पिवळेपणा दिसत नाही. तो तोंडाकडून पायाकडे उतरत जातो. तळवे पिवळे दिसले तर सकाळची वाट बघू नका. डोळ्यांवर भरवसा ठेवून किती चढली हे ठरवताही येत नाही, त्यासाठी रक्ताचीच तपासणी हवी.

बाळ दूध ओढेनासं झालं, उठवूनही उठेना, किंकाळीसारखं रडू लागलं, मान आणि पाठ मागे ताणू लागलं, तर ही मेंदूला धोका पोचत असल्याची खूण आहे. १०८ला फोन करा आणि नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी न्या.

आजी म्हणतात, कोवळं ऊन दाखवा.

आजींचं म्हणणं हवेतलं नाही. १९५६ साली इंग्लंडच्या एसेक्समधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड बाळांना अंगणात उन्हात नेत असत. एका बाळाचं अंग उजळलं होतं, पण दुपट्याच्या कोपऱ्याखाली झाकला गेलेला त्रिकोण तसाच पिवळा राहिला होता. त्यांनी तो डॉक्टरांना दाखवला, आणि त्यातून आजची फोटोथेरपी आली.

पण खिडकीतल्या कोवळ्या उन्हाने रक्तगटाची कावीळ आवरत नाही. त्यात किती प्रकाश मिळाला ते मोजता येत नाही, उघडं बाळ गारठतं किंवा तापतं, आणि महत्त्वाचे दोन दिवस निघून जातात.

कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं तर?

नेऊ नका. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी दाखवतात, ते पाणी औषधाने पिवळं होतं, बाळाच्या अंगातून काही निघत नाही. नाकात, कानात रस टाकणं, मनगटावर डाग देणं, गुटी, मध, ग्लुकोजचं पाणी, यातलं काहीही नवजात बाळाला नको.

आणखी एक गोष्ट, जी घरोघरी नकळत होते. बाळंतविड्यातले कपडे, जुनी दुपटी पेटीतून काढली की त्यांना डांबर गोळ्यांचा वास असतो. काही बाळांत जी-६-पीडी नावाच्या घटकाची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेने फुटतात आणि कावीळ झपाट्याने वाढते. आधीच रक्तगटाची तफावत असलेल्या बाळाला हा दुसरा मार बसू नये. कपडे धुऊन, उन्हात वाळवून, वास गेल्यावरच घाला. बाळाच्या कपड्यांत डांबर गोळी ठेवूच नये.

बाळाला काचेत, निळ्या लाइटखाली ठेवलंय. डोळ्यांना आणि अंगाला अपाय होईल का?

डोळ्यांवर पट्टी असते, ती सरकली तर सिस्टरना सांगा. हा निळा प्रकाश कातडीतल्या बिलिरुबिनचं रूप बदलतो आणि ते शी-शूतून बाहेर पडतं. म्हणून बाळाला लंगोटाशिवाय काही घालत नाहीत. शी पातळ आणि हिरवट होईल, अंगावर बारीक पुरळ येईल, दोन्ही आपोआप जातं. दर दोन-तीन तासांनी बाळाला बाहेर काढून अंगावर पाजा. तेवढा वेळ चालतो. नजर लागेल म्हणून वरून दुपटं घालू नका, त्याने प्रकाशच अडतो.

अंगावरचं दूध बंद करायचं का? अँटीबॉडी दुधातून जातील ना?

बंद करायचं नाही. दुधातून जे थोडं जातं त्याने बाळाच्या पेशी फुटत नाहीत. दूध कमी पडलं तर मात्र कावीळ वाढते.

रक्त बदलावं लागेल म्हणाले. फार भीती वाटते.

साहजिक आहे. बिलिरुबिन मेंदूत शिरलं तर कायमचा बहिरेपणा, हातापायांच्या अनियंत्रित हालचाली राहू शकतात, ते टाळण्यासाठी हा उपाय आहे. नाळेच्या शिरेतून बारीक नळी घालून थोडं रक्त काढतात, तेवढंच ताजं रक्त देतात, असं काही तास चालतं. एकूण रक्त वजनाच्या किलोमागे साधारण १६० मिलिलिटर लागतं. आरएचच्या तफावतीत दिलं जाणारं रक्त बाळाचा गट पॉझिटिव्ह असला तरी निगेटिव्ह असतं, कारण आईच्या अँटीबॉडी अजून बाळाच्या अंगात आहेत. एबीओच्या तफावतीत ओ गटाच्या पेशी देतात. 'चुकीचं रक्त देताहेत' असा नातेवाइकांचा गैरसमज इथे होतो आणि सहीला उशीर होतो. डॉक्टरांनी सांगितलं की सही करा, त्या तासांना किंमत आहे.

आमच्याकडे बॉम्बे रक्तगट आहे. त्याचं काय?

हा गट मुंबईत सापडला. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो १९५२ साली जगापुढे आणला. साध्या तपासणीत तो ओ म्हणून दिसतो, पण या व्यक्तीला ओ गटाचं रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचंच चालतं. बाळाला त्रास क्वचितच होतो. खरी जोखीम आईला, बाळंतपणात रक्तस्राव झाला तर. घरात कुणाचा हा गट असेल तर भावंडांचीही रक्तपेढीत पूर्ण तपासणी करून घ्या आणि दाते सातव्या महिन्यातच गाठून ठेवा.

घरी सोडलं, कावीळ उतरली. आता झालं ना?

जवळजवळ. आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तात काही आठवडे राहतात आणि पेशी हळूहळू फुटत राहतात. कावीळ दिसत नाही, पण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात बाळ पांढरं पडू शकतं. पोटात असताना रक्त दिलेल्या बाळांत हे जास्त दिसतं. दूध पिताना दमणं, कपाळावर घाम, ओठ आणि तळवे फिके, वजन न वाढणं, याकडे लक्ष ठेवा. सव्वा महिना बाहेर पडायचं नाही ही रीत या तपासणीच्या आड येऊ देऊ नका. डिस्चार्ज कार्डावर हिमोग्लोबिन पुन्हा कधी तपासायचं त्याची तारीख लिहून घ्या, साधारण दर दोन आठवड्यांनी असते. कावीळ फार चढली होती किंवा रक्त बदललं होतं, तर कानाची बेरा तपासणीही पहिल्या तीन महिन्यांत करून घ्या.